मिक्सिंगला ईक्यू प्लगइन कुठला वापरायचा आणि आपला आवडता कसा ठरवायचा

सगळ्यात आधी एक प्रयोग करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. गाण्याचा कुठलाही एक ट्रॅक घ्या, त्याचीच कॉपी करून खालच्या ट्रॅकवर टाका. वरच्यावर तुमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत फुकट आलेला ईक्यू लावा, म्हणजे आवाजातला जाड-बारीक भाग वेगवेगळा कमी-जास्त करणारा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम), आणि खालच्यावर तो महागातला, ज्याचा डेमो तुम्ही उतरवून ठेवलाय आणि घेऊ की नको असं महिनाभर चाललंय. दोन्हीकडे ३ किलोहर्ट्झला ४ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढवा आणि दोन्हींचा फुगवटा सारखाच रुंद होईल असा क्यू, म्हणजे रुंदीचं बटण, जुळवा. आता खालच्या ट्रॅकची फेज उलटी करा, म्हणजे आवाजाची लाट वरची खाली करा, बहुतेक सॉफ्टवेअरमधे त्यासाठी एक छोटं बटण असतं, गोलावर तिरकी रेघ असलेलं. आणि प्ले करा. जवळजवळ काही ऐकू येत नाही ना? क्यू नीट जुळला असेल तर मीटरसुद्धा अगदी तळाला गेलेला दिसेल. एकाने आवाजाचं जे केलं तेच दुसऱ्याने केलं, त्यामुळे उलट-सुलट होऊन दोघांनी एकमेकांना पुसून टाकलं.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय कारण ईक्यू प्लगइनबद्दल बोलताना लोक सारखं आवाजाबद्दलच बोलतात, याचा आवाज उबदार, त्याचा काचेसारखा स्वच्छ, तिसऱ्याचा म्युझिकल वगैरे, आणि नवीन मुलं ते ऐकून सेल लागला की एकामागून एक घेत सुटतात. साध्या, स्वच्छ प्रकारातल्या डिजिटल ईक्यूंमधे, कर्व्ह, म्हणजे कुठे किती वाढवलं-कमी केलं त्याची रेघ, जर खरंच सारखा असेल तर, आवाजात फरक नसतोच म्हटलं तरी चालेल. फरक असतो तो हाताला आणि डोळ्याला, म्हणजे कानाला जे खटकलं तिथे हात किती पटकन पोचतो यात. रंग देणारे ईक्यू वेगळे, त्यांच्याकडे येतोच मी, पण हे दोन प्रकार डोक्यात वेगळे ठेवले नाहीत तर सगळा गोंधळ होतो.

ईक्यू म्हणजे ईक्वलायझर, आणि हे नाव संगीतातून आलेलं नाही. टेलिफोनच्या लांबलचक तारांमधून आवाज गेला की त्यातला वरचा भाग वाटेत मार खायचा, पलीकडे आवाज दबका यायचा, मग तारेच्या शेवटी एक सर्किट लावून जे कमी झालं ते परत वाढवायचे, म्हणजे अलीकडचा आणि पलीकडचा आवाज 'ईक्वल' करायचे. तेच सर्किट पुढे रेडिओत, सिनेमात आणि स्टुडिओत आलं आणि दुरुस्तीचं काम करता करता सजावटीचंही करायला लागलं. आजही ही दोन कामं वेगळीच आहेत. काही तरी बिघडलंय ते नीट करायचं हे एक काम, आणि नीट आहे ते अजून गोड करायचं हे दुसरं.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमधे मोजतात. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण त्या आकड्यांनी हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा पेटीवरनं समजून घ्या, आपल्याला ते जवळचं आहे. समजा गायक काळी एकमधे गातोय. त्याचा मध्य सप्तकातला सा साधारण १३९ हर्ट्झवर येतो. तो खाली मंद्र पंचमापर्यंत गेला तर १०४. म्हणजे त्या गाण्यात गळ्यातून येणारा सगळ्यात खालचा स्वर १०४ हर्ट्झचा, त्याच्या खाली माईकमधे जे काही आहे ते गळ्याचं नाही, ते पंख्याचं आहे, रस्त्यावरच्या ट्रकचं आहे, स्टँडला पाय लागला त्याचं आहे. मग ७५-८० ला हाय-पास लावला, म्हणजे त्याच्या खालचं उतरतं करून टाकलं, तर गाणाऱ्याचं काहीच जात नाही आणि मिक्समधला गाळ निघून जातो. आता बाई काळी चारमधे गातायत तर त्यांचा सा २०८ च्या आसपास, मंद्र पंचम १५६, मग तिथे हाय-पास ११०-१२० पर्यंत निवांत नेता येतो. म्हणजे इंटरनेटवर जो 'व्होकलला १०० ला कट करा' असा सरसकट सल्ला असतो तो एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी पडू शकतो. गाणाऱ्याचा सा विचारा आणि तिथून आकडा काढा. तानपुऱ्याच्या बाबतीत तर अजून जपून, पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार काळी एकला ६९ हर्ट्झवर असते, तिथे सवयीने १०० ला कट मारला की तानपुरा एकदम मोबाईलच्या ॲपसारखा वाजायला लागतो.

पंख्यावरून आठवलं, आपल्याकडे विजेचा करंट ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे अर्थिंग नीट नसलं की जो 'हूंऽऽ' असा गुणगुणाट रेकॉर्डिंगमधे येतो तो ५० वर असतो आणि शिवाय १००, १५०, २०० अशा पाढ्यातल्या आकड्यांवर. अमेरिकन व्हिडिओत ६० सांगतात कारण तिकडे करंट ६० चा आहे. हा हम काढायला अगदी बारीक, सुईसारखा कट लागतो, आणि अशा कामाला ज्या ईक्यूमधे क्यू खूप अरुंद करता येतो आणि भरपूर बँड, म्हणजे एकाच वेळी कमी-जास्त करायच्या वेगवेगळ्या जागा, मिळतात तोच कामाचा. इथे रंग, ऊब, विंटेज वगैरेचा काही संबंध नाही.

क्यू म्हणजे काय तर फुगवटा किंवा खड्डा किती रुंद. आकडा मोठा तर अरुंद, लहान तर पसरट. इथे एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, क्यूचा आकडा सगळ्या प्लगइनमधे एकच अर्थाचा नसतो. एकात क्यू १ जेवढा रुंद असतो तेवढा दुसऱ्यात असेलच असं नाही, कारण रुंदी कुठून मोजायची हे ज्याने त्याने आपापलं ठरवलंय. काही ईक्यूंमधे तर थोडं वाढवलं की रुंद आणि जास्त वाढवलं की आपोआप अरुंद होतं, एपीआय ५५० ए या अमेरिकन ईक्यूची ती ओळखच आहे. म्हणून दोन प्लगइनमधे सारखे आकडे टाकून 'हा बघ किती वेगळा वाजतोय' असं म्हणण्यात अर्थ नाही, तुम्ही दोन वेगळे कर्व्ह ऐकताय. डीडीएमएफचा प्लगइनडॉक्टर म्हणून एक प्रोग्रॅम आहे, त्यात कुठलाही प्लगइन टाकला की त्याचा खरा कर्व्ह, त्याची फेज, त्यातून येणारं डिस्टॉर्शन सगळं समोर दिसतं. एकदा बघितलं की निम्म्या अफवा तिथेच संपतात.

पॅरामेट्रिक हा शब्द तर रोज वापरतो आपण. फ्रिक्वेन्सी कुठली, किती वाढवायचं किंवा कमी करायचं, आणि रुंदी किती, हे तिन्ही स्वतंत्रपणे ठरवता येतं तो पॅरामेट्रिक. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी १९७२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे यावर पेपर मांडला आणि तिथून हे नाव रुळलं. त्याच्या आधीच्या बऱ्याच ईक्यूंमधे कंपनीने ठरवून दिलेल्या ठरावीक जागा असायच्या, आणि हीच मर्यादा आज लोक पैसे मोजून विकत घेतात, कारण त्या जागा विचार करून निवडलेल्या होत्या. नीव्ह १०७३ घ्या, १९७० चं इंग्लिश डिझाईन. त्यात वरचा शेल्फ, म्हणजे एका जागेपासून वरचं सगळंच कमी-जास्त करणारा भाग, १२ किलोहर्ट्झला पक्का, तो बदलताच येत नाही. मधल्या बँडला सहाच जागा, ३६०, ७००, १६००, ३२००, ४८०० आणि ७२००. खाली ३५, ६०, ११०, २२०. बस्स. त्याच्याही आधीचा पल्टेक ईक्यूपी-१, १९५१ चा, त्यात तर खालच्या फ्रिक्वेन्सीला वाढवायचं एक बटण आणि कमी करायचं दुसरं, आणि दोन्ही एकाच वेळी फिरवता येतात. वाचताना वाटतं की एकाने वाढवलं आणि दुसऱ्याने कमी केलं तर उरलं काय, पण दोन्हींचे कर्व्ह एकाच जागी बसत नाहीत, त्यामुळे अगदी खालचा भाग फुगतो आणि त्याच्या जरा वर एक खड्डा पडतो. ढोलकीची धूम भरदार पण स्वच्छ हवी असेल तर हा आकार इतका बरोबर बसतो की विचारू नका. ६० ला बूस्ट, सोबत थोडं ॲटेन्युएशन (ते कमी करायचं बटण), आणि धूम एकदम गोल होते, मधला जो पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा आवाज असतो तो जातो.

मग या जुन्या मशीनची जी प्लगइन येतात ती खरंच वेगळी वाजतात का? हो, यांच्यात फरक खरा असतो, पण तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे कर्व्हचा आकार, जो बहुतेक वेळा स्वच्छ ईक्यूमधे दोन-तीन बँड वापरून बराचसा काढता येतो. आणि दुसरी म्हणजे त्यातला ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूबचा भाग, म्हणजे आवाज आत गेला की त्याला थोडी वरची हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतली कंपनं, चिकटतात, एकही बटण फिरवलं नाही तरी. सुरुवातीचा प्रयोग अशा प्लगइनवर केला तर शांतता होत नाही, काहीतरी खरखर, काहीतरी चकाकी उरते. ती उरलेली चकाकी तुम्हाला आवडते का, एवढाच प्रश्न. आणि ती आत जाणाऱ्या लेव्हलवर अवलंबून असते, म्हणून एकच प्लगइन एकाला भारी वाटतं आणि दुसऱ्याला काहीच करत नाही असं वाटतं, कारण एकाचा ट्रॅक जोरात रेकॉर्ड झालाय आणि दुसऱ्याचा हळू. त्यामुळे असं प्लगइन तपासायचं तर आधी इनपुट लेव्हल बघा, बहुतेकांच्या मॅन्युअलमधे किती लेव्हल अपेक्षित आहे ते दिलेलं असतं.

इथे मला एक जुनी चूक सांगायची आहे कारण ती आवडत्या ईक्यूच्या विषयाला थेट लागू होते. काही वर्षांपूर्वी एका अभंगाचं मिक्स करत होतो, काळी एकचं गाणं, तबला-पेटी-टाळ-तानपुरा, साधंच. मी नुकताच एक ग्राफवाला ईक्यू वापरायला शिकलो होतो, ज्यात मागे स्पेक्ट्रम, म्हणजे कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे त्याचं चित्र, हलताना दिसतो, आणि कुठल्या तरी व्हिडिओत बघितलं होतं की अरुंद बँड घ्यायचा, तो १२-१५ डीबी वाढवायचा, डावीकडून उजवीकडे फिरवायचा, जिथे शिट्टीसारखं किंचाळेल तो 'रेझोनन्स', तिथे खड्डा पाडायचा. मी तबल्यावर हे केलं. ५५० च्या जवळ किंचाळलं, खड्डा. ८३० च्या जवळ किंचाळलं, खड्डा. स्क्रीनवर ग्राफ कसा सपाट, शिस्तीत दिसायला लागला आणि मी खूश. मग ज्या काकांनी तबला वाजवला होता ते ऐकायला आले. डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं त्यांनी आणि एवढंच म्हणाले, "अरे, ठोका लागतोय, पण माझा सूर कुठाय त्यात? मी तास घालवून लावला होता."

मला तेव्हा काही सुचेना. नंतर बसून गणित केलं. काळी एकचा सा तबल्यावर २७७ हर्ट्झ, गायकाच्या १३९ च्या एक सप्तक वर. त्याची दुप्पट ५५४, तिप्पट ८३१. मी ज्याला रेझोनन्स समजून कापत होतो तो तबल्याचा सूरच होता, हातोडीने ठोकून ठोकून गाण्याच्या साशी जुळवलेला. तबल्याची शाई नेमकी याच कामासाठी असते, साध्या चामड्याची कंपनं अशी पाढ्यात बसत नाहीत, शाईच्या वजनामुळे ती सा च्या पटीत येतात, आणि सी. व्ही. रामन यांनी यावर १९२० सालीच लिहून ठेवलंय. व्हिडिओ बनवणाऱ्याने ते ड्रम किटसाठी सांगितलं होतं आणि मी डोळे झाकून, नाही, खरं तर कान झाकून ते तबल्यावर लावलं. त्या दिवसापासून तबल्यावर काही कापायच्या आधी मी सा च्या पटीतले आकडे कागदावर लिहून घेतो आणि तिथे हात लावत नाही. जे खरंच खटकत असतं ते बऱ्याचदा बायाँच्या घुमाऱ्यात २००-३०० च्या आसपास सापडतं, खोलीमुळे आलेलं, आणि ते २-३ डीबीने पसरट कमी केलं की पुरतं.

यातून माझं प्लगइनबद्दलचं मत जे बनलं ते असं की ग्राफ दिसणं ही सोय आहे आणि तोच सापळा पण आहे. सपाट ग्राफ म्हणजे चांगला आवाज नाही. पेटीचा ग्राफ दातेरी करवतीसारखाच दिसणार, रीडचा आवाज तसाच असतो. म्हणून आवडता ईक्यू निवडताना मी एक गोष्ट आवर्जून बघतो की त्यातला ॲनलायझर, म्हणजे तो मागे हलणारा स्पेक्ट्रम, बंद करता येतो का, आणि बंद केल्यावरही ते प्लगइन वापरायला सोपं वाटतं का.

आता दुसरा सापळा, आवाजाची पातळी. वरच्या फ्रिक्वेन्सी २ डीबीने वाढवल्या की ट्रॅक एकूणच थोडा जोरात होतो, आणि जोरात ते आपल्या कानाला बरं वाटतंच. फ्लेचर आणि मुन्सन यांनी १९३३ मधेच दाखवलं होतं की पातळी बदलली की कानाला खालच्या आणि वरच्या फ्रिक्वेन्सी मधल्यांच्या मानाने वेगळ्या ऐकू येतात, म्हणजे नुसतं जोरात केलं तरी बेस वाढल्यासारखा वाटतो. मग ज्या प्लगइनने आउटपुट अर्धा-एक डीबी वाढवून ठेवलाय तो दर वेळी जिंकतो. त्यामुळे तुलना करताना बायपास करून आणि चालू करून दोन्ही वेळा पातळी कानाला सारखी होईपर्यंत आउटपुट कमी-जास्त करा आणि मगच मत बनवा. काही प्लगइनमधे ऑटो गेन नावाचं बटण असतं ते हेच काम अंदाजाने करतं. माझ्यासाठी हे बटण असणं-नसणं खूप मोठी गोष्ट आहे, कारण रात्री अकरा वाजता कान दमल्यावर शिस्त राहत नाही.

लिनिअर फेजबद्दल खूप प्रश्न येतात म्हणून थोडक्यात. साधा ईक्यू फ्रिक्वेन्सी बदलताना त्यांची वेळ पण किंचित पुढे-मागे करतो, हे नैसर्गिक आहे, जुनी सगळी मशीन असंच करायची. लिनिअर फेजमधे हे होत नाही, पण त्याची किंमत म्हणजे प्लगइन आवाज उशिरा सोडतं आणि ठोक्याच्या आधी एक बारीकसा 'श्शप' तयार होऊ शकतो, म्हणजे थाप पडायच्या आधीच तिची सावली ऐकू येते. ढोलकी, संबळ, हलगी यांच्यावर, खास करून खालच्या बाजूला तीव्र उताराचा कट लावला तर हे जाणवतं आणि थापेचा कडकपणा जातो. म्हणून तालवाद्यावर साधाच मोड ठेवा. एकच वाद्य दोन माईकने घेतलंय आणि एकावरच ईक्यू करायचाय, अशा ठिकाणी लिनिअर फेजचा उपयोग होतो. बाकी नाव भारदस्त आहे म्हणून चालू करू नका.

आणि एक तांत्रिक गोष्ट जी खरंच ऐकू येऊ शकते. ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या, प्रोजेक्टमधे वरची हद्द २२.०५ किलोहर्ट्झला संपते. साध्या डिझाईनच्या डिजिटल ईक्यूमधे १४-१५ किलोहर्ट्झला बूस्ट केला की त्याची उजवी बाजू त्या भिंतीला जाऊन चेपते, फुगवटा वाकडा होतो. नव्या चांगल्या प्लगइनमधे हे सोडवलेलं असतं, किंवा ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त नमुन्यांवर काम करणं) चालू करता येतं. गायनाला वरून हवा द्यायची असेल, तो मोकळा श्वासाचा भाग, तर इथे महाग आणि साधा यात फरक पडू शकतो. सुरुवातीच्या प्रयोगात मी ३ किलोहर्ट्झ सांगितलं ते म्हणूनच, १५ ला केलं तर शांतता होईलच असं नाही.

बरं, मग नावं. बाजारात शेकडो आहेत, १९९२ साली वेव्हजचा क्यू१० आला तेव्हा प्लगइन हीच गोष्ट नवी होती, आता मोजता येत नाहीत. मी जे वापरलेत आणि ज्यांच्याबद्दल खात्रीने बोलू शकतो तेवढंच सांगतो.

तुमच्या सॉफ्टवेअरमधला जो आहे तो आधी. लॉजिकचा चॅनेल ईक्यू, एबलटनचा ईक्यू एट, एफएल स्टुडिओचा पॅरामेट्रिक ईक्यू २, रीपरचा रीईक्यू, यातला कुठलाही घेऊन मिक्सचं बहुतेक काम पूर्ण होतं, हे मी उगाच नम्रपणाने म्हणत नाहीये. रीईक्यूमधे तर हवे तेवढे बँड टाकता येतात, आणि विंडोजवर दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी रीप्लग्स नावाने तो फुकट मिळतो. दिसायला साधा आहे, सीपीयू जवळजवळ खातच नाही, जुन्या लॅपटॉपवर चाळीस ट्रॅकवर लावला तरी पंखा ओरडत नाही.

फुकटातला दुसरा, टोकियो डॉन लॅब्सचा नोव्हा. चार बँड, शिवाय दोन्ही टोकांना फिल्टर, आणि प्रत्येक बँड डायनॅमिक करता येतो. डायनॅमिक म्हणजे कट कायम बसून राहत नाही, त्या जागेचा आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच दाबतो आणि खाली आला की सोडून देतो. हे आपल्या भाषेला फार उपयोगी आहे. आपला दंत्य च, म्हणजे 'चांदणं', 'चूक' यातला, तोंडाने म्हणून बघा, 'त्स' असा सुटतो तो, आणि चांगला कंडेन्सर माईक असेल तर कानात टाचणीसारखा टोचतो. कायमचा कट लावला तर बाकीचं सगळं गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं होतं. नोव्हामधे ६ ते ८ किलोहर्ट्झमधे कुठे टोचतंय ते शोधून तिथे डायनॅमिक बँड लावला की फक्त त्या क्षणी ३-४ डीबी खाली येतं.

पैसे द्यायचे असतील तर फॅबफिल्टरचा प्रो-क्यू. ॲम्स्टरडॅमची कंपनी आहे, २०२४ च्या शेवटी चौथी आवृत्ती आली. २४ बँड, डायनॅमिक, लिनिअर फेज, मिड-साईड (स्टिरिओचा मधला आणि कडेचा भाग वेगळा हाताळणं), सगळं एकाच खिडकीत. पण याचे पैसे कशाचे, तर आवाजाचे कमी आणि वेगाचे जास्त. कर्व्हवर कुठेही डबल क्लिक करा, बँड तयार, ओढा, व्हीलने रुंदी, हेडफोनचं चिन्ह दाबून धरलं की फक्त तेवढाच भाग ऐकू येतो. मी ज्या दिवशी सहा गाणी संपवायची असतात त्या दिवशी हाच उघडतो. महिन्याला एक गाणं करणाऱ्याने हा घ्यायची घाई करू नये, त्या पैशात खोलीत जाड पडदे आणि दोन गाद्या लावल्या तर मिक्समधे जास्त फरक पडेल, कारण जी खोली खोटं बोलते तिच्यात कुठलाही ईक्यू खोट्या जागी फिरवला जातो.

रंगासाठी एकच ठेवा, पल्टेक किंवा नीव्हच्या धर्तीचा. लॉजिकवाल्यांना विंटेज ईक्यू नावाने तीन प्रकार आतच मिळालेत, बाकीच्यांना ॲनालॉग ऑब्सेशनच्या फुकट प्लगइनमधे या धर्तीचं बरंच काही मिळेल. यात ग्राफ नसतो, आकडेही मोजकेच, त्यामुळे आपोआप कानाने काम होतं, आणि शिकणाऱ्याला मी उलट सांगतो की आठवड्यातला एक दिवस फक्त यावरच मिक्स करा.

डेमो मिळाला की कसं तपासायचं, तर कंपनीच्या साईटवरच्या गाण्यावर अजिबात नको. तुमचंच एक अडलेलं मिक्स घ्या, ज्यात पेटी आणि गायिका एकमेकींच्या अंगावर येतायत असं काहीतरी. खर्ज-नर पेटी असेल तर ती २ ते ४ किलोहर्ट्झमधे अशी पसरते की शब्द तिच्या मागे जातात, अभंग असो की लावणी. गाण्यावर काही वाढवायच्या आधी पेटीवर तिथे २ डीबी पसरट कमी करा. हे एकच काम आधी तुमच्या जुन्या ईक्यूने करा, मग सगळं पुसून नव्याने करा, घड्याळ लावून. दोन्ही बाहेर काढा, पातळी जुळवा, फायलींना अ आणि ब नाव द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या कुणाला तरी सांगा की कुठली वाजवतेस ते मला सांगू नको. एकदा हेडफोनवर ऐका, एकदा मोबाईलच्या स्पीकरवर, कारण मोबाईलवर धूम जवळजवळ गायबच होते, तिथे ढोलकी फक्त वरच्या चाटीने आणि हार्मोनिक्सनी ओळखू येते, आणि जमलं तर एकदा गाडीत. फरक ओळखू आला नाही तर जो कमी वेळात झाला तो तुमचा.

मी स्वतः गेली काही वर्षं रोजच्याला प्रो-क्यू, टोचणाऱ्या च-साठी नोव्हा आणि ढोलकीला पल्टेकच्या धर्तीचा एक, एवढ्यावर आहे. नवीन गाणं उघडलं की पहिल्या ट्रॅकच्या नोट्समधे पट्टी लिहितो, त्याखाली सा, दुप्पट, तिप्पट असे तीन आकडे. परवा ते काका परत आले होते, यावेळी गाणं पांढरी दोनमधलं, तबला त्यांचाच. त्यांनी कागदावरचे आकडे बघितले, काय आहे म्हणून विचारलं. सांगितलं. मग म्हणाले, "लाव परत पहिल्यापासून," आणि या वेळी डोळे उघडे ठेवून मांडीवर ठेका धरून ऐकत बसले.